टाकीच्या तळाशी

मॅडम,
स्मरणिकेसाठी तुम्ही दोनशे शब्द मागितलेत,
सोबत फोटो, शक्यतो टोपीशिवाय.
सनावळ्या तुमच्याकडे आहेतच,
अध्यक्षांच्या तसबिरी, फिती कापणारे हात.
माझ्याकडे एक पितळी ओळंबा आहे
आणि त्याच्या टोकाला लावायच्या पेस्टची
अर्धी वाळलेली ट्यूब.

ही पेस्ट तेलात पिवळीच राहते.
पाणी लागलं की लाल होते.
छत्तीस वर्षं मी एवढंच केलं.
टाकीवर चढायचं, टेप सोडायची,
तळ लागला की मनगटाला कळतं,
मग ओढून घ्यायची आणि उजेडात बघायचं
तेलाखाली पाणी आहे का.

नाव बदललं त्या रात्री मी नाशिकरोडला ड्युटीवर होतो.
साईडिंगला सतरा वाघिणी उभ्या,
प्रेसची पाळी सुटून सायकली गेलेल्या.
बाराला पाच कमी असताना डिप घेतला:
चार मीटर बारा. ते त्यांचं.
बारा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा घेतला:
चार मीटर बारा. ते आपलं.
डिमेलो साहेब चष्मा पुसत म्हणाले,
लिही, सेम.
मी सेम लिहिलं.
आणि का कोण जाणे, खाली सही करताना
पूर्ण नाव लिहिलं, वडिलांसकट.

सकाळी यासीन पेंटर शिडी घेऊन आला.
त्यानं जुनी इंग्रजी अक्षरं खरवडली नाहीत,
वरूनच मराठीत नवं नाव काढलं.
दोन उन्हाळे गेले आणि खालचा साहेब पुन्हा वर आला.
मग दर दिवाळीला एक हात.
शेवटी पत्राच बदलला.
जुना मी चाळीस रुपयांना घेतला, न्हाणीवर घातला.
आमच्या घरात अजून सगळे
दोन कंपन्यांच्या खाली आंघोळ करतात.

पुढं पाइपलाइन आली,
घाट चढून, वावरांच्या पोटातून, कुणाला न दिसता.
वाघिणी गेल्या. डेपो पानेवाडीला आला.
झाकणं उघडणारे नऊ जण शिपाई झाले.
दहावा, बिडगर, गावी निघून गेला,
त्याला स्टुलावर बसायचं काम जमेना.
हे कुठल्या सनात बसतं, तुम्ही बघा.

आम्ही मनमाडला बिऱ्हाड केलं.
तिथं नळाला पाणी वीस दिवसांनी.
इकडं ड्युटीवर
टाकीच्या तळाशी दोन सेंटिमीटर पाणी निघालं
की मुंबईपर्यंत फोन.
तिकडं कौसल्या ड्रमात काठी बुडवून
ओल्या खुणेवर बोट ठेवायची,
किती दिवस पुरेल ते बोटानं मोजायची.
तिला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.
एकदा म्हणाली,
तुमच्या तेलाखालचं पाणी काढून टाकता,
ते कुठं जातं?
मी म्हणालो, त्याला वास येतो.
म्हणाली, तुम्हालाही येतो.

परवा पेपरात होतं, कंपनी विकायची आहे.
पुढं कधीतरी आलं, नाही विकायची.
नातवानं विचारलं, आजोबा, आहे कुणाची ती?
अंकाईच्या डोंगराकडं बघत बसलो थोडा वेळ.
मला उत्तर येत होतं, पण ते फक्त
बारा वाजून पाच मिनिटांचं होतं,
तेव्हा हात जरासा थरथरला होता
आणि टेपवरचं तेल
मी अंगठ्यानं पुसलं होतं, हळू,
परक्याचं पुसतात तसं नव्हे.

असो.
फोटो पाठवतो आहे. टोपी काढलेली नाही.
शब्द दोनशेच्या पार गेलेत.
कापायचे तर यासीन कापा, बिडगर कापा,
तो कुणाच्याच यादीत नव्हता.
पत्राही कापा.
तेवढं सेम राहू द्या.

आपला,
भागवत नामदेव पगारे
डिपमन, निवृत्त